छायाचित्रांतील कोळसागॅसच्या मोटारी : ओळख, पुरावा आणि मथळ्यांची विश्वासार्हता
(कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

विसाव्या शतकातील कोल्हापूरचा स्थानिक इतिहास लिहिताना जुन्या छायाचित्रांचा वापर गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. शताब्दी स्मरणिका, गौरवग्रंथ, वृत्तपत्रांच्या वर्धापनदिन पुरवण्या, दिनदर्शिका आणि प्रदर्शने यांतून 'जुने कोल्हापूर' वाचकांसमोर येते. या छायाचित्रांत एक चित्रप्रकार वारंवार आढळतो. जुन्या बांधणीची प्रवासी मोटार, तिच्यापुढे उभी असलेली माणसे आणि खाली मथळा : 'दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कोळशावर चालणारी गाडी'. हा मथळा वाचकाला आवडतो, कारण त्यामागे एक विलक्षण आणि खरी हकीकत आहे. मात्र हकीकत खरी असणे आणि त्या विशिष्ट छायाचित्रातील ती विशिष्ट मोटार कोळशावर चालणारी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या बळावर दुसरी गृहीत धरली जाते, आणि येथेच इतिहासलेखनाच्या दृष्टीने दोष निर्माण होतो.

छायाचित्रातील मोटार कोळसागॅसची आहे हे कोणत्या खुणांवरून ठरवावे, कोणत्या खुणा फसव्या असतात आणि प्रचलित मथळे या कसोटीवर कितपत टिकतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु स्मरणिकेतील मथळा पुढे प्रबंधाच्या तळटीपेत जातो, तळटीप संदर्भग्रंथात जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी तीच गोष्ट 'छायाचित्राने सिद्ध झालेली' म्हणून सांगितली जाते. महाविद्यालयीन अध्यापक हे या साखळीतील अनेकदा पहिलेच दुवे असतात. स्मरणिकांचे संपादनही बहुधा त्यांच्याकडेच असते.

पार्श्वभूमी

जपानी सैन्याने मार्च १९४२ मध्ये रंगून घेतले आणि त्यानंतर ब्रह्मदेशातील तेलक्षेत्रे ब्रिटिशांच्या हातून गेली. डच ईस्ट इंडीजमधील तेलही त्याच सुमारास दुरावले. आसामातील दिग्बोईचे तेल देशाची गरज भागविण्यास अपुरे होते. भारतात पेट्रोलचे नियंत्रित वाटप १९४१ मध्येच सुरू झाले होते. १९४२ नंतर ते अधिक जाचक झाले. खाजगी मोटारमालकांपुढे दोनच मार्ग राहिले. गाडी उभी करून ठेवायची, नाहीतर ती दुसऱ्या इंधनावर चालवायची. दुसरा मार्ग म्हणजे लाकडाच्या किंवा लोणारी कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारा वायू इंजिनास पुरविणे.

ही कल्पना भारतात जन्मलेली नव्हती. फ्रेंच अभियंता जॉर्ज इंबेर याने १९२०च्या दशकात लाकडापासून मोटारीसाठी वायू तयार करणारे, ज्वाला खालच्या दिशेने ओढून घेणारे यंत्र विकसित केले होते. युद्धकाळात युरोपने त्याचा सर्रास अवलंब केला. स्वीडनमध्ये युद्धारंभी अशा गाड्या हजाराच्या आत होत्या. १९४१ अखेर त्या ७०,०००च्या आसपास गेल्या. जर्मनीत युद्धाच्या शेवटी ही संख्या सुमारे ५ लाखांवर होती. ब्रिटनमध्ये काही बसगाड्यांमागे दोन चाकांचा गॅससंच जोडून ओढला जाई.

कोल्हापूरच्या बाबतीत भूगोल महत्त्वाचा ठरतो. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि संस्थानची राजधानी रेल्वेच्या जाळ्याशी जोडली गेली. परंतु पश्चिमेकडे, सह्याद्री उतरून कोकणात जाण्यास रेल्वे नव्हती. रत्नागिरीकडे आंबा घाटाने, दक्षिण कोकणाकडे गगनबावडा किंवा फोंडा घाटाने जावे लागे. ही सारी वाहतूक मोटारींवर, म्हणजे त्या काळच्या बोलीत 'सर्व्हिस गाड्यां'वर अवलंबून होती. पेट्रोल थांबले की कोकणचा माणूस, कोकणचा नारळ आणि कोकणची टपाल थांबणार, अशी परिस्थिती होती. त्यामुळे कोळसागॅसच्या मोटारी या परिसरात धावल्या, हे लोकस्मृतीतील सांगणे स्वाभाविक आणि विश्वसनीय आहे. घाट चढताना गाडी दम टाकते, प्रवासी खाली उतरतात, चढ संपल्यावर पुन्हा बसतात, ही आठवण पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही सांगितली जाते. तिला यंत्रशास्त्राचाही आधार आहे. पेट्रोलसाठी बनविलेले इंजिन या वायूवर चालविल्यास त्याची एक तृतीयांश ते जवळजवळ निम्मी शक्ती कमी होते, कारण वायूचा निम्म्याहून अधिक भाग नायट्रोजनचा, म्हणजे न जळणारा असतो.

स्मृतीविषयी वाद नाही. वाद आहे तो छायाचित्राविषयी.

नावांचा घोळ

ओळखीतील पहिली अडचण भाषेची आहे. या मोटारींना मराठीत एकच एक नाव नव्हते. 'कोळशाची मोटार', 'कोळशावरची गाडी', 'गॅसची गाडी' अशी नावे प्रचारात होती आणि मागच्या यंत्राला सरळ 'गॅसप्लँट' म्हणत. यांपैकी 'गॅस' हा शब्द विशेष धोक्याचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील मोटारींचे पुढचे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळत. त्यासाठी लागणारे लहानसे पितळी नळकांडे गाडीच्या पायफळीवर बसविलेले असे. अशा छायाचित्रामागे कोणी 'गॅसची मोटार' असे लिहून ठेवले असेल, तर ती नोंद चुकीची नाही. तिचा अर्थ मात्र दिव्यांपुरता आहे. नंतरचा संपादक 'गॅस' आणि 'नळकांडे' या दोहोंची सांगड घालून १९१५च्या सुमाराची मोटार १९४३ मध्ये आणून ठेवतो.

दुसरा शब्द 'बंब'. न्हाणीघरातील तांब्याचा बंब आणि गॅसप्लँट यांच्या रूपात खरोखर साम्य आहे : उभा दंडगोल, मध्ये विस्तव, खाली राखेचे दार. त्यामुळे आठवणी सांगणारे वृद्ध 'गाडीच्या मागे बंब होता' असे म्हणतात, आणि ते वर्णन अतिशय अचूक आहे. पण 'बंबाची गाडी' म्हणजे आग विझविणारी गाडीही होते. जुन्या छायाचित्रांमागील शाईच्या नोंदी वाचताना ही संदिग्धता ध्यानात ठेवावी लागते. शब्द कोणत्या पिढीने, कशासाठी वापरला याचा विचार न करता केलेले वाचन येथे हमखास फसते.

यंत्राची रचना आणि तिच्या खुणा

गॅसप्लँटचे कार्य समजले तर छायाचित्रात काय शोधावयाचे ते आपोआप स्पष्ट होते. यंत्राचे स्थूलमानाने चार भाग असतात. पहिला, इंधन साठविण्याची व जाळण्याची उभी भट्टी. तिच्यात वरून कोळसा भरतात, खालच्या भागात विस्तव असतो आणि हवा मर्यादितच आत येते. कोळशाच्या ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो; ओलाव्यामुळे थोडा हायड्रोजनही मिळतो. दुसरा भाग वायू थंड करणाऱ्या नळ्यांचा, तिसरा राख व काजळी अडविणाऱ्या गाळण्यांचा. चौथा भाग इंजिनाजवळचा, जेथे वायूत हवा मिसळली जाते. या चारांपैकी पहिला आकाराने मोठा असतो आणि बाहेरून दिसतो. दुसरा कधी छतावर, कधी गाडीच्या पोटाखाली, कधी रेडिएटरपुढे असतो. तिसरा भट्टीच्या शेजारी, तिच्याहून बारीक दुसऱ्या दंडगोलाच्या रूपात असू शकतो. चौथा छायाचित्रात जवळजवळ कधीच दिसत नाही.

यावरून निघणारी कसोटी अशी की एकटा दंडगोल हा पुरावा नव्हे. दंडगोल, त्यापासून निघून पुढे इंजिनाच्या दिशेने जाणारी नळी आणि दंडगोलाच्या माथ्यावर भरणीचे झाकण, या तिन्हींचा मेळ बसला तर ओळख पक्की मानता येते. नळी हा सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. पिंप कोठेही बांधता येते. पिंपातून नळी काढून ती बॉनेटपर्यंत नेण्याचे दुसरे कारण सहसा नसते.

येथे लाकूड आणि कोळसा यांतील भेदही लक्षात घ्यावयास हवा. लाकूड जाळल्यास वायूबरोबर डांबरासारखा चिकट द्रव येतो. तो इंजिनात जाऊ नये म्हणून युरोपीय यंत्रांत भट्टीच्या तळाला आवळलेला गळा आणि पुढे मोठी शीतन-व्यवस्था असे. लोणारी कोळशात हा चिकट भाग भट्टी लावतानाच निघून गेलेला असतो. म्हणून कोळशाचा संच तुलनेने साधा व लहान करता येतो. भारतात मुख्यतः कोळसाच वापरला गेला. परिणामी युरोपातील छायाचित्रांत दिसणारे अवाढव्य, दोन-तीन दंडगोलांचे संच डोळ्यांपुढे ठेवून कोल्हापूर परिसरातील छायाचित्रे तपासली, तर खरा संचही नजरेतून सुटतो. भारतात अनेक ठिकाणी हे संच स्थानिक कारखान्यांत पत्रा वळवून, जोड मारून तयार होत. त्यामुळे त्यांना ठरावीक आकार नाही आणि परदेशी यंत्रांच्या सूचीशी ते जुळतीलच असे नाही.

कोल्हापूरची यंत्रकामाची परंपरा सर्वश्रुत आहे. उद्यमनगरातील ओतशाळा आणि तेलइंजिनांचे कारखाने यांचा येथील लोकांना रास्त अभिमान वाटतो. या अभिमानापोटी 'कोल्हापुरातच बनविलेला गॅसप्लँट' असे मथळ्यात लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे घडले असणे अशक्य नाही. पण संच कोठे बनला हे छायाचित्र सांगू शकत नाही. ते पावती, कारखान्याची वही किंवा संचावर ठोकलेली पाटी सांगते. पाटी छायाचित्रात वाचता येत असेल तर ती वाचावी, नसेल तर मथळ्याने तेथेच थांबावे.

फसव्या खुणा

छतावरील पोत्यांपासून सुरुवात करता येईल. एक लिटर पेट्रोलचे काम भागविण्यास सुमारे दीड किलो कोळसा लागतो, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. कोल्हापूर ते रत्नागिरी हे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर धरले तर बसगाडीला एका फेरीस अर्धा क्विंटल कोळसा सहज लागणार. तेव्हा टपावर एक-दोन पोती असणे संभवते. पण सर्व्हिस गाडीच्या टपावर पोती नसतील असा दिवस कोणता? तांदूळ, गूळ, शेंगा, नारळ यांची पोतीही तेथेच जात. पोत्यावरून इंधन ठरविता येत नाही.

धुराची खूण याहून फसवी आहे. 'धूर ओकणारी कोळशाची गाडी' असे वर्णन मथळ्यांत आढळते. वास्तविक गाडी चालू असताना भट्टीतील वायू इंजिन स्वतःकडे ओढून घेत असते. वायू बाहेर सुटू लागला तर गाडी चालणारच नाही. धूर दिसतो तो भट्टी पेटविताना किंवा झाकण उघडून कोळसा भरताना. धावत्या गाडीच्या मागे दिसणारा ढग बहुधा धुळीचा असतो, घाटात बॉनेटमधून निघणारा ढग रेडिएटरच्या वाफेचा असतो. ज्या छायाचित्रात गाडी उभी आहे, मागचे झाकण उघडे आहे आणि तेथून धूर निघत आहे, तेच छायाचित्र या बाबतीत बोलके म्हणावयाचे.

हॅंडलविषयीही असेच म्हणता येईल. त्या काळी बहुतेक गाड्यांना पुढून हॅंडल मारण्याची सोय होती. पेट्रोलची गाडीही थंडीत हॅंडल मारूनच सुरू होई. म्हणून गाडीपुढे वाकून हॅंडल मारणारा माणूस कशाचाच पुरावा नाही. गॅसप्लँटचे हॅंडल वेगळे असते. ते भट्टीजवळच्या पंख्याचे असते आणि गाडी सुरू करण्यापूर्वी विस्तव फुलविण्यासाठी काही मिनिटे ते फिरवीत राहावे लागते. हे काम क्लीनरकडे, बोलीत ज्याला 'किन्नर' म्हणत त्या पोराकडे असे. गाडीच्या मागील बाजूस उभा राहून हॅंडल फिरविणारा मुलगा दिसला, तर ती खूण दंडगोलाइतकीच मोलाची आहे.

रस्त्यावर डांबर तापविण्याची चाकांवरची भट्टी, वाफेवर चालणारा रोलर, पाण्याची टाकी बसविलेली नगरपालिकेची गाडी या वस्तूही लहान किंवा अस्पष्ट छायाचित्रात कोळसागॅसच्या मोटारीसारख्या भासतात. आणखी एक भ्रम छतावर मोठी पिशवी असलेल्या गाड्यांमुळे होतो. परदेशी प्रकाशनांतून घेतलेली अशी चित्रे मराठी लेखांत 'कोळशावरील बस' म्हणून छापली जातात. पिशवीत असतो तो शहराच्या नळातून भरलेला दगडी कोळशाचा वायू. तो गाडीवर तयार होत नाही, म्हणून त्या गाडीला भट्टी नसते. ज्या शहरात असे नळ होते तेथेच ही पद्धत शक्य होती. मुंबईत रस्त्यावरचे गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. पण मुंबईत जे शक्य होते ते आंबा घाटात शक्य होते असे नाही. पिशवीची गाडी आणि भट्टीची गाडी या दोन वेगळ्या जाती आहेत.

काळ ठरविताना

मोटारीचा पुढचा चेहरा कालनिश्चितीस उपयोगी पडतो, पण तो एकाच दिशेने. शेवरोले ट्रकच्या १९४१ ते १९४६ या काळातील जाळीत वर आडव्या पट्ट्या व खाली उभ्या पट्ट्या दिसतात. १९४७ पासून पाच आडव्या पट्ट्यांचा रुंद चेहरा आला. छायाचित्रात हा दुसरा चेहरा असेल तर '१९४२' हा मथळा निःसंशय चुकीचा. उलटपक्षी १९३७चा चेहरा असला म्हणून छायाचित्र १९३७चे ठरत नाही. अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये थांबले होते. युद्धकाळात येथील रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्या बव्हंशी १९३०च्या दशकातीलच होत्या आणि त्या पुढेही कित्येक वर्षे धावल्या. चपट्या नाकाच्या कॅनेडियन लष्करी ट्रकवर प्रवासी बॉडी चढविलेली दिसली, तर ती युद्धोत्तर विक्रीतून आलेली समजण्यास हरकत नाही. गाडीवर 'एस.टी.'ची अक्षरे असल्यास ती १ जून १९४८ पूर्वीची असू शकत नाही, कारण पुणे-अहमदनगर मार्गावरील पहिली एस.टी. त्या दिवशी धावली. कोल्हापूर संस्थान तर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी नोंदणीची पाटी आणि इलाख्याची पाटी यांतील फरकही याच कारणासाठी तपासावा.

तथापि युद्ध संपले म्हणजे दुसऱ्या दिवशी गॅसप्लँट भंगारात गेले असे नाही. टंचाई रेंगाळली, तसे हे संचही काही काळ रेंगाळले. म्हणून १९४७च्या चेहऱ्याच्या गाडीवर भट्टी दिसली तर छायाचित्र खोटे ठरविण्याची घाई नको. खोटा आहे तो मथळ्यातील 'युद्धकाळ'.

न दिसणारा गॅसप्लँट

आतापर्यंत जे नाही ते आहे म्हणणाऱ्या चुकांचा विचार झाला. याच्या उलट प्रकारची चूक अधिक सूक्ष्म आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक नुकसानकारक आहे. ती म्हणजे जे आहे ते न दिसणे.

मोटारीचे छायाचित्र कोण काढून घेई, कधी आणि कशासाठी, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास गाडी धुऊन, हार घालून, नारळ फोडून मालक आणि त्याचे कुटुंब गाडीपुढे उभे राहते. नवी गाडी आली, नवा मार्ग सुरू झाला, पाहुणे आले, असेही प्रसंग असत. अशा प्रत्येक प्रसंगी छायाचित्रकार गाडीच्या पुढच्या बाजूस उभा असतो. चेहरा, दिवे, हार, पाटी हे दाखवायचे असते. गॅसप्लँट असतो मागे. काळवंडलेला, राख सांडणारा, अडचणीच्या दिवसांची निशाणी. तो मालकाला दाखवायचा नसतो. त्यामुळे जी गाडी खरोखर कोळशावर धावत होती, तिच्या अनेक छायाचित्रांत कोळशाचा मागमूस नसणे अगदी शक्य आहे. मथळाकार ज्या समोरून घेतलेल्या, हार घातलेल्या गाडीला 'कोळशाची' म्हणतो, ती कदाचित असेलही. पण छायाचित्र त्याला साक्ष देत नाही. साक्ष आहे ती घरच्यांच्या आठवणीची. तर मग मथळ्यात तसे म्हणावे : 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार'. एवढ्या दोन शब्दांनी छायाचित्राची किंमत कमी होत नाही आणि आठवणीची वाढते.

या तर्काचा दुसरा निष्कर्ष असा की ठरवून काढलेल्या छायाचित्रांपेक्षा ओझरत्या छायाचित्रांत गॅसप्लँट सापडण्याची शक्यता जास्त. रस्त्याचे दृश्य, मिरवणूक, पंचगंगेच्या पुरात अडकलेली वाहने, बाजाराचा दिवस, लग्नाचे वऱ्हाड उतरताना घेतलेले चित्र अशा ठिकाणी मोटार कोपऱ्यात, पाठमोरी आलेली असते. संग्राहक अशी चित्रे 'मोटारींची' म्हणून जपत नाहीत. शोध घ्यायचा तर तो मोटारींच्या संग्रहांत न घेता भवानी मंडप, बिंदू चौक, रंकाळा, शिवाजी पूल या स्थळांच्या चित्रांत घ्यावा लागेल.

युद्धकाळातील अशी ओझरती छायाचित्रे संख्येने कमी आहेत, याचेही कारण त्याच टंचाईत आहे. पेट्रोलप्रमाणे कच्ची फिल्मही परदेशातून येई. युद्धकाळात कथापटांच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली गेली, हे चित्रपटसृष्टीशी जवळचे नाते असलेल्या कोल्हापूरला वेगळे सांगावयास नको. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून चालत आलेले कॅमेऱ्याचे कसब या गावात होते; फिल्म मात्र मोजून मिळत होती. अशा वेळी रस्त्यावरच्या गाडीच्या मागच्या बाजूवर फिल्म खर्च करील असा छायाचित्रकार विरळाच.

वळिवडे येथील छायाचित्रे

या दुष्काळाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, तेथे राहत होते. पुढे ते ब्रिटन, आफ्रिका, पोलंड असे पांगले आणि त्याच परिसरात सिंधी निर्वासित येऊन गांधीनगर वसले. पोलिश कुटुंबांनी आपल्याबरोबर छायाचित्रांचे अल्बम नेले. छावणी, शाळा, सहली, सण यांची ही चित्रे युद्धकालीन कोल्हापूर परिसराचा मोलाचा दृश्य-अभिलेख आहेत. पाहुण्याच्या डोळ्याला जे नवे वाटते ते स्थानिकाला वाटत नाही. म्हणून टांगा, बैलगाडी, सर्व्हिस मोटार या अल्बमांत विषय म्हणून येऊ शकतात.

मात्र येथेही सावधगिरी हवी. एका अल्बमात तेहरान, इस्फहान, कराची, वळिवडे आणि पुढे आफ्रिकेतील छावण्या लागोपाठच्या पानांवर असतात. सुटी झालेली छायाचित्रे पुन्हा चिकटविताना जागा बदलतात. इराणमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, भारतात डाव्या. प्रवासी गाडीचे दार कोणत्या बाजूस आहे आणि सुकाणू कोणत्या बाजूस, हे पाहिले तर कित्येक शंका मिटतात. त्यातही निगेटिव्ह उलटे ठेवून छापलेले असेल तर दार बाजू बदलते. तेव्हा पाटीवरील अक्षरे, पुरुषांच्या सदऱ्याची गुंडी, स्त्रियांच्या पदराचा खांदा यांवरून चित्र सुलट असल्याची खात्री आधी करावी. पोलिश कुटुंबातील व्यक्तीला भट्टीची गाडी पाहून युरोपातील आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि त्या आठवणीतून लिहिलेली नोंद छायाचित्राचे स्थळही युरोपात नेऊन ठेवू शकते.

'स्पष्ट केलेली' छायाचित्रे

अलीकडे संगणकाच्या साहाय्याने जुनी छायाचित्रे स्पष्ट करण्याची व रंगविण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्रदर्शनाच्या दृष्टीने तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ओळखीच्या कामात मात्र ती घातक आहे. ही साधने अस्पष्ट भागात काय असावे याचा अंदाज बांधून तो भाग नव्याने रेखाटतात. मूळ प्रतीत गाडीच्या मागच्या कोपऱ्यात निव्वळ काळा डाग असेल, तर 'स्पष्ट' प्रतीत तेथे गुळगुळीत दंडगोल उमटू शकतो, किंवा खरा दंडगोल शिडीत रूपांतरित होऊ शकतो. दोन्ही चित्रे सारखीच खरी दिसतात. वृत्तपत्रातील ठिपक्यांच्या छपाईवरून घेतलेली प्रत मोठी करण्यातही हाच धोका लहान प्रमाणात आहे : ठिपक्यांच्या दरम्यान मुळात काहीच नसते. म्हणून ओळख नेहमी मूळ छापील प्रतीवरून किंवा काचेच्या वा फिल्मच्या निगेटिव्हवरून करावी. छायाचित्राची पाठही पुढच्या बाजूइतक्याच काळजीने नोंदवावी. स्टुडिओचा शिक्का, कागदाचा प्रकार, शाईतील चार शब्द यांत चित्राहून अधिक माहिती असण्याचा संभव असतो. स्मरणिकेसाठी छायाचित्र मागून घेताना पुढची बाजू तेवढी प्रतिमांकित करून मूळ प्रत परत करण्याची प्रथा या दृष्टीने खेदजनक म्हणावी लागेल.

मथळा आणि चौकट

छायाचित्राबाहेरचा पुरावा कोल्हापुरात उपलब्ध आहे, ही जमेची बाजू. कोल्हापूर पुराभिलेखागारातील संस्थानी दप्तर, करवीर सरकारचे गॅझेट, 'सत्यवादी' आणि 'पुढारी' यांसारखी तत्कालीन वृत्तपत्रे यांच्याशी छायाचित्रे ताडून पाहता येतात. मोटारमालकांच्या वंशजांकडील वह्या हेही दुर्लक्षित साधन आहे. कोळशाच्या खरेदीची एक ओळ दहा धूसर छायाचित्रांहून अधिक निर्णायक ठरू शकते. त्या ओळीतून दुसराही इतिहास उलगडेल. मोटारीच्या भट्टीत जळणारा कोळसा सह्याद्रीच्या जंगलातून येणार होता. लोणाऱ्याची भट्टी आणि मोटारीची भट्टी यांचा संबंध कोणत्याही छायाचित्रात एका चौकटीत येणार नाही.

चौकटीचा प्रश्न मथळ्याइतकाच महत्त्वाचा आहे. छपाईसाठी छायाचित्राच्या कडा कापल्या जातात. मध्यभागी मालक, त्याचे बंधू, हार घातलेले बॉनेट राहते. कापली जाते ती गाडीची मागची बाजू, आणि तिच्याबरोबर तेथे उभा असलेला क्लीनर. पहाटे उठून भट्टी पेटविणारा, पंख्याचे हॅंडल फिरविणारा, राख काढणारा आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषारी वायूजवळ सर्वाधिक वेळ काढणारा तोच. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे बंदिस्त जागेत भट्टी पेटविणे जिवावर बेतणारे असे. मालकांची नावे मथळ्यांत क्रमाने, डावीकडून उजवीकडे दिलेली असतात. क्लीनरचे नाव बहुधा नसते. मथळ्याने 'कोळशाची गाडी' असा दावा करावा आणि त्या दाव्याचा एकमेव दृश्य पुरावा, म्हणजे मागचा दंडगोल व त्याच्यापाशी उभा मुलगा, संपादकाच्या कात्रीने आधीच काढून टाकलेला असावा, असे घडणे शक्य आहे.

म्हणून ज्या घरातून असे छायाचित्र छापण्यासाठी येते, तेथे मूळ प्रत संपूर्ण कडांसह पाहण्याची विनंती प्रथम करावी. तीत भट्टी दिसल्यास मथळा साधा असावा : मागील डाव्या कोपऱ्यात उभा दंडगोल, त्यावर झाकण, खालून पुढे गेलेली नळी, शेजारी हॅंडल धरलेला मुलगा. वर्ष ठाऊक नसेल तर गाडीच्या चेहऱ्यावरून 'अमुक सालानंतर' एवढेच लिहावे. मुलाचे नाव त्या घरातील वृद्धांना विचारावे. मालकाचे नाव सांगणाऱ्यांना पुष्कळदा तेही आठवत असते, फक्त कोणी विचारलेले नसते.